हंगेरीत पडलेले तुकडे : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात ओघात एक वाक्य लिहून गेले होते. फॉर्म्युला वन या मोटारशर्यतींवरचा ब्रॅड पिटचा चित्रपट ‘एफ1’ मी दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा हंगेरीची शर्यत सुरू झाली तशा माझ्या मुठी आवळल्या गेल्या, असं ते वाक्य. कारण सांगितलं नव्हतं. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळी इंजिन ऑइल आणि टायरच्या हवेचे प्रश्न पुढच्या महिन्यावर ढकलून सगळी जागा या एका चित्रपटाला देते आहे.

नव्या वाचकांसाठी दोन ओळी. मी नाशिकची. सातपूर एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणी करते. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर 2011 ते 2013 अशी तीन वर्षं इंडियन ग्रां प्री (ग्रां प्री म्हणजे फॉर्म्युला वनची एक शर्यत) झाली, त्या तिन्ही वर्षी मी तिथे मार्शल होते. मार्शल म्हणजे ट्रॅकच्या कडेला झेंडे घेऊन उभी राहणारी आणि गाडी आदळली तर धावणारी स्वयंसेवक मंडळी.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी आधी पाहून घ्यावा, कारण उत्तरांत गोष्ट उघड होणार आहे. गोष्ट अशी : सॉनी हेज (ब्रॅड पिट) हा एकेकाळचा उगवता ड्रायव्हर. स्पेनमधल्या भीषण अपघातानंतर फॉर्म्युला वन सोडून जिथे मिळेल तिथे गाड्या पळवत फिरतो. तीस वर्षांनी जुना मित्र त्याला आपल्या तळाच्या संघात, एपीएक्सजीपीत, बोलावतो. संघात जोशुआ पिअर्स (डॅम्सन इद्रिस) नावाचा तरुण ड्रायव्हर आहे. उरलेल्या नऊ शर्यतींत एक तरी जिंकायची, नाहीतर संघ विकला जाणार.

आमच्या हॉस्टेलमध्ये वाद पेटला आहे. निम्मे म्हणतात गाड्या खऱ्या पळवल्या, निम्मे म्हणतात सगळं संगणकावर केलं. खरं काय?
– इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, सांगली

गाड्या खऱ्या आहेत आणि पिट व डॅम्सन इद्रिस यांनी त्या खरोखर चालवल्या आहेत. फक्त त्या फॉर्म्युला वनच्या नाहीत. फॉर्म्युला टूच्या गाड्यांचा सांगाडा घेऊन, मर्सिडीजच्या अभियंत्यांच्या मदतीने, त्यावर फॉर्म्युला वनसारखं अंग चढवलं. फॉर्म्युला टूचं इंजिन साधारण 620 अश्वशक्तीचं, फॉर्म्युला वनचं हजाराच्या आसपास. फरक आहेच. पण 620 अश्वशक्तीची उघड्या चाकांची गाडी सिल्व्हरस्टोनवर चालवणं हे नटाचं काम नव्हे, आणि या दोघांनी त्यासाठी कित्येक महिने सराव केला. इतर गाड्यांची गर्दी, टीव्हीवरच्या खऱ्या शर्यतींची दृश्यं, यांची जोडणी अर्थातच संगणकावर झाली आहे. तेव्हा दोन्ही गटांनी एकमेकांना चहा पाजावा.

मला सगळ्यात पटली ती मान. जोरात ब्रेक लागला की ड्रायव्हरचं डोकं पुढे ओढलं जातं, वळणावर बाजूला. डोकं आणि हेल्मेट मिळून सहा-साडेसहा किलो. त्याच्या पाचपट ओढ म्हणजे तीस किलोच्या वर. गव्हाचं पोतं मानेला आडवं बांधून कुणी हिसडे द्यावेत, आणि तेही दर वळणाला, दीड तास. गाडीवर बसवलेले छोटे कॅमेरे पिटच्या चेहऱ्यावरून वळून समोरच्या रस्त्यावर जातात तेव्हा हेल्मेटच्या फटीतून दिसणारी डोळ्यांखालची कातडी थरथरताना दिसते. तो थरथराट मला ओळखीचा वाटला. गाडी थांबल्यावर हेल्मेट काढलेले ड्रायव्हर मी चार हातांवरून पाहिलेत; मिनिटभर त्यांचे डोळे एका जागी ठरत नाहीत.

पडद्यावरचे समालोचक प्रत्येक गोष्ट समजावून सांगत राहतात, याची माझ्या बरोबरीच्या सगळ्या शौकिनांना चीड आहे. मला नाही. माझी आई चौऱ्याहत्तर वर्षांची. मी पंचवीस वर्षं घरी टीव्हीवर रेस लावत आले, तिने कधी मान वर करून पाहिलं नाही. या चित्रपटात मध्येच ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “लाल पट्टीचं टायर लवकर झिजतं, पण पकड जास्त, असंच ना?” असंच. त्या एका प्रश्नासाठी समालोचकांना माझं सगळं माफ आहे.

2023 च्या जुलैत मी सिल्व्हरस्टोनला ब्रिटिश ग्रां प्री पाहायला गेलो होतो. ग्रिडच्या, म्हणजे सुरुवातीला गाड्या उभ्या राहतात त्या रांगेच्या, अगदी मागे काळ्या-सोनेरी रंगाच्या दोन अनोळखी गाड्या उभ्या होत्या. त्या याच का?
– इंग्लंडमधील मिल्टन कीन्स येथे राहणारे वाचक

त्याच. त्या शनिवार-रविवारी पिट लेनमध्ये (टायर बदलायला गाड्या ट्रॅक सोडून येतात ती गल्ली) खऱ्या संघांच्या गराज-रांगेत या खोट्या संघाचं गराजही थाटलं होतं. खेळानं आपल्या घराचं दार एवढं सताड उघडलं याचं एक कारण म्हणजे फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर लुइस हॅमिल्टन स्वतः निर्मात्यांपैकी एक आहे. तुम्ही पडद्यावर कुठेतरी गर्दीत असाल. शोधा आणि कळवा.

हंगेरीत सॉनी मुद्दाम इतरांच्या गाड्यांना घासतो, स्वतःच्या गाडीचा पंख मोडून घेतो, ट्रॅकवर तुकडे पडतात आणि सगळ्यांचा वेग कमी करायला पुढे चालणारी सेफ्टी कार येते. असं दोन-तीनदा होतं आणि त्यामुळे जोशुआ पुढे येऊन संघाला पहिला गुण मिळतो. थिएटरात लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझे यजमान म्हणतात ही हुशारी आहे, नियमात बसते. मला मात्र कसंतरीच वाटलं, पण का ते सांगता येईना. तुम्ही मुठी आवळल्याचं लिहिलंत ते यामुळेच का?
– एक गृहिणी, ठाणे

हो, ताई. यामुळेच.

आधी यजमानांचा मुद्दा. नियमात हे बसत नाही. 2008 साली सिंगापूरला, फॉर्म्युला वनच्या पहिल्याच रात्रीच्या शर्यतीत, रेनो संघाच्या नेल्सन पिके धाकट्याने गाडी भिंतीवर घातली. त्याचा साथीदार फर्नांडो अलोन्सो नुकताच पिटमध्ये जाऊन आला होता. सेफ्टी कार आल्यावर बाकीचे पिटमध्ये गेले, अलोन्सो पुढे निघाला आणि शर्यत जिंकला. वर्षभराने उघड झालं की तो अपघात ठरवून केलेला होता. केवढं वादळ उठलं! संघाच्या दोन वरिष्ठांना पायउतार व्हावं लागलं. चित्रपटात सॉनी जे करतो त्याची जात हीच आहे, फक्त तो ते तुकड्या-तुकड्यांनी करतो, आणि पार्श्वसंगीत त्याच्या बाजूने आहे.

पण मुठी आवळल्या त्या नियमामुळे नाही. पडद्यावर तुकडे पडतात, मग सेफ्टी कार येते, मग गाड्या हळू होतात, आणि पुढच्या दृश्यात ट्रॅक साफ असतो. मधलं काहीच दिसत नाही. ते तुकडे उचलायला कोण गेलं?

आम्ही जातो. ते कसं असतं ते जवळून सांगते. बुद्धवर एका शनिवारी सरावात एका गाडीच्या पुढच्या पंखाची कड तुटली आणि आमच्या पोस्टसमोर, नेमकी गाड्या जिथून जातात त्या रेषेवर येऊन पडली. लांबून पापडाच्या तुकड्याएवढी दिसत होती. आमच्या पोस्टवर मी आणि चेन्नईची एक मुलगी झेंड्यांवर. झेंडेवाले एकमेकांकडे तोंड करून उभे राहतात. म्हणजे तिच्या पाठीमागून काय येतंय ते मी पाहायचं, माझ्या पाठीमागचं तिने. दोघींचा जीव एकमेकींच्या डोळ्यांत. मी पिवळा, म्हणजे पुढे धोका आहे असं सांगणारा झेंडा, हलवायला लागले. पोस्टप्रमुखाचा एक हात उचलायला जाणाऱ्या मुलाच्या छातीवर आडवा, दुसऱ्या हातात रेडिओ. एक गाडी गेली. दुसरी गेली. “आता अकरा सेकंद,” असं तो म्हणाला आणि हात काढला. मुलगा आर्मकोच्या, म्हणजे कडेच्या लोखंडी कठड्याच्या, फटीतून बाहेर पडला, वाकला, उचललं, परतला. मी मनात आकडे मोजत होते; सातावर तो आत होता. त्याच्या कातडी हातमोज्याचा तळवा फाटला होता. कार्बन फायबर तुटतं तेव्हा त्याच्या कडेला सुईसारखी कुसळं निघतात. हाताला लागलं की आत मोडतात आणि दिवसेंदिवस ठणकत राहतात. तो तुकडा मी हातात घेऊन पाहिला. वजन पोस्टकार्डाएवढं, आणि कडेला ब्लेड.

ताशी 300 किलोमीटरने गाडी एका सेकंदात 83 मीटर जाते. मुलगा रस्त्यात असताना अंदाज दोन सेकंदांनी चुकला असता तर काय, याचा हिशेब तुम्हीच करा.

आणि चुकतो. दक्षिण आफ्रिकेत क्यालामीला 1977 साली, आग लागलेल्या गाडीकडे अग्निशामक नळकांडं घेऊन ट्रॅक ओलांडणारा एकोणीस वर्षांचा मार्शल भरधाव आलेल्या टॉम प्राइसच्या गाडीखाली आला. तो गेला, आणि हातातलं नळकांडं डोक्यावर आदळून प्राइसही गेला. इटलीत माँझाला 2000 साली पहिल्याच फेरीत गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि उडालेल्या चाकाने पाओलो गिस्लिंबेर्ती या अग्निशमन मार्शलचा जीव घेतला. त्यानंतर सहा महिन्यांत मेलबर्नला ग्रॅहम बेव्हरिज गेले, तेही कुंपणाच्या फटीतून आलेल्या चाकाने. जोशुआचा मोठा अपघात चित्रपटात माँझालाच होतो. ती आग पाहताना माझ्या डोळ्यांपुढे गिस्लिंबेर्तीचं नाव होतं.

आता हंगेरीच का, ते सांगते. 25 जुलै 2009. हंगेरीचं तेच सर्किट, हंगरोरिंग. पात्रता फेरी चालू होती. पुढे असलेल्या बारिकेलोच्या गाडीतून एक स्प्रिंग निखळली आणि रस्त्यावर उड्या मारत आली. मागून अडीचशेच्या वरच्या वेगाने फेलिपे मासा येत होता. स्प्रिंग त्याच्या हेल्मेटवर, डाव्या डोळ्याच्या वर बसली. कवटी फुटली. उरलेला सगळा मोसम तो घरी होता आणि पुन्हा गाडीत बसला हेच मोठं. त्याच्या आधीच्या रविवारी इंग्लंडमध्ये हेन्री सर्टीज हा अठरा वर्षांचा मुलगा दुसऱ्या गाडीचं सुटलेलं चाक डोक्यावर येऊन मेला होता. दोन्ही वेळा कारण एकच, ट्रॅकवर सुटलेला भाग. आणि ज्या ट्रॅकवर मासाच्या डोक्यात स्प्रिंग बसली, तिथेच आमचा नायक मुद्दाम भाग पाडत फिरतो आणि आपण टाळ्या वाजवतो.

मासाला मी 2011 मध्ये बुद्धवर पाहिलं. तिथल्या कर्बवर (वळणाच्या कडेचा उंचवटा) आदळून त्याच्या फेरारीचं सस्पेन्शन पात्रता फेरीतही तुटलं आणि शर्यतीतही. गाडीतून उतरून चालत निघाला तेव्हा मी त्याच्या डाव्या भुवईकडेच पाहत होते. त्याच शर्यतीच्या आधी सगळे ड्रायव्हर रांगेत उभे राहिले होते. मागच्या दोन रविवारी डॅन व्हेल्डन आणि मार्को सिमोन्चेली असे दोन जण वेगवेगळ्या शर्यतींत गेले होते, त्यांच्यासाठी मिनिटभर शांतता. एवढ्या मोठ्या गर्दीत फक्त वाऱ्यावर झेंडे फडफडल्याचा आवाज येत होता. माझ्या हातातलाही.

एवढं सगळं या चित्रपटाच्या लोकांना ठाऊक नसेल असं मी मानत नाही. सॉनीचा स्पेनमधला अपघात मार्टिन डॉनेलीच्या 1990 मधल्या हेरेथच्या अपघातावरून घेतला आहे. गाडीचे तुकडे होऊन तो सीटसकट रस्त्यावर फेकला गेला होता. डॉनेली वाचला, पण पुन्हा कधी ग्रां प्री धावला नाही. ती खरी दृश्यं चित्रपटात आहेत. म्हणजे ज्या माणसाच्या अंगावर हे सगळं येऊन गेलं, ज्याला त्या दिवशी मार्शल आणि डॉक्टरांनी जिवंत परत आणलं, तोच माणूस पुढे तीस वर्षांनी मार्शलना मुद्दाम ट्रॅकवर उतरायला लावतो. सॉनीने असं करावं हे मला त्या पात्राशीच बेइमानी वाटते. त्याने एकदा जरी रेडिओवर विचारलं असतं, “माणसं आत गेली का?”, तरी मी मुठी सोडल्या असत्या. खरे ड्रायव्हर विचारतात.

ताई, तुम्हाला कसंतरीच वाटलं, ते बरोबर वाटलं.

सेफ्टी कार आली की मागच्याचा फायदा होतो, हे काही डोक्यात शिरलं नाही. सोपं करून सांगाल का?
– निवृत्त शिक्षक, रत्नागिरी

सर, टायर बदलायला पिटमध्ये गेलं की येण्या-जाण्यात साधारण 20 सेकंद जातात. टायर बदलण्याचं काम स्वतः दोन-अडीच सेकंदांचं (विक्रम 1.80 सेकंदांचा, मॅक्लारेनचा, 2023 मध्ये कतारला). बाकीचा वेळ पिट लेनमधल्या वेगमर्यादेत जातो. तेवढ्यात बाहेरचे सुसाट पुढे निघतात. सेफ्टी कार बाहेर असताना मात्र बाहेरचेही हळू चाललेले असतात, म्हणून तेच काम जवळपास निम्म्या नुकसानीत होतं. शिवाय पुढच्याने कमावलेलं सगळं अंतर पुसलं जातं, कारण सगळे एकामागे एक येऊन चिकटतात. शाळेच्या पळण्याच्या शर्यतीत मध्येच शिट्टी वाजवून सगळ्यांना पुन्हा जवळ उभं केलं तर जो मागे होता तो खूश होईल, तसंच.

2015 पासून आभासी सेफ्टी कारही आहे. तिच्यात सगळ्यांना जागच्या जागी वेग कमी करावा लागतो, अंतरं तशीच राहतात. 2014 ला जपानमध्ये सुझुकाला पावसात ज्यूल बियांकी हा ड्रायव्हर दुसरी गाडी उचलायला आलेल्या क्रेनवर आदळला आणि नऊ महिन्यांनी गेला. ती पद्धत त्यानंतर आली.

साठीच्या घरातला माणूस फॉर्म्युला वनमध्ये उतरू शकतो का?
– वाचक, नागपूर

आज नाही. सुपर लायसन्स लागतं, त्यासाठी अलीकडच्या तीन वर्षांत ठरावीक शर्यतींतून 40 गुण मिळवावे लागतात. सर्वांत वयस्कर ड्रायव्हर लुई शिरों, 1955 मध्ये मोनॅकोला, वय 55. पण चित्रीकरण सुरू झालं त्याच 2023 च्या मोसमात बेचाळिशीतला अलोन्सो आठ वेळा पोडियमवर, म्हणजे पहिल्या तिघांच्या चौथऱ्यावर, चढला, हे विसरू नका. चाळिशीपर्यंतचं मी सगळं मान्य करते.

चित्रपटात गाडीची तांत्रिक प्रमुख केट नावाची बाई आहे. मी मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे, वर्गात आम्ही चारच मुली. खऱ्या संघांत अशा बायका असतात का?
– विद्यार्थिनी, लातूर

असतात, आणि वाढताहेत. रेड बुलच्या रणनीतीत हॅना श्मिट्झ हे नाव सगळ्यांच्या तोंडी आहे. कधी पिटमध्ये बोलवायचं हे सांगणारा आवाज. 2025 मध्ये हास संघात लॉरा म्युलर ही फॉर्म्युला वनमधली पहिली पूर्णवेळ महिला रेस इंजिनिअर झाली. आणि त्याच्याही कितीतरी आधी, 2012 मध्ये, मोनिशा काल्टेनबॉर्न झाउबर संघाची प्रमुख झाली. तिचा जन्म डेहराडूनचा. बुद्धच्या पिट लेनमध्ये मी तिला लांबून पाहिलं होतं. हेडफोन मानेवर, आणि तिच्याशी बोलायला पुरुषांची रांग. आम्ही दोघी-तिघी मार्शल नुसत्या बघत राहिलो.

केट मला फार आवडली. सॉनी तिला सांगतो की गाडी दुसऱ्यांच्या मागे लागली की हातात राहत नाही, आणि ती पाठीमागच्या गढूळ हवेतही पकड धरेल असा गाडीचा नवा तळ काढते. हा प्रश्न खरा आहे. पुढच्या गाडीने घुसळलेल्या हवेत मागची गाडी वळणावर सरकते. 2022 पासूनचे गाड्यांच्या तळाचे नियम त्यासाठीच आले होते. मात्र पडद्यावर ती रात्री रेखाटते आणि बघता बघता भाग गाडीवर! आमच्याकडे साध्या ब्रॅकेटचं ड्रॉइंग बदललं तरी फर्स्ट पीस मंजूर होईपर्यंत माझ्या टेबलावर किती दिवस फाइल पडून असते, ते मला विचार. मला तिचा प्रेमप्रसंग नको होता. त्याऐवजी तिचा पहिला भाग नापास झालेला, ती मापं पुन्हा घेत बसलेली, असं एक दृश्य असतं तर मी तिसऱ्यांदा तिकीट काढलं असतं. तू चौघींपैकी एक आहेस ना, मग मायक्रोमीटर धरायला आताच शीक. हातात बसायला वर्ष लागतं.

शेवटी तळाचा संघ अबुधाबीत चक्क जिंकतो. एवढं कुठे होतं?
– वाचक, पुणे

तळापासून नऊ शर्यतींत थेट विजय, हे पचत नाही. 2023 च्या 22 पैकी 21 शर्यती एकट्या रेड बुलने जिंकल्या होत्या. तिथे बाकीच्यांनाच जागा नव्हती.

पण एक गोष्ट सांगते. चित्रपट 27 जून 2025 ला लागला. मी पहिल्यांदा पाहिला तो त्या आठवड्यात. 6 जुलैला सिल्व्हरस्टोनची खरी शर्यत, पाऊस. निको हुल्केनबर्ग, वय 37, झाउबर संघ, सुरुवात एकोणिसाव्या जागेवरून. हा माणूस 2010 पासून धावतोय, 238 शर्यती झालेल्या, आणि एकदाही पोडियम नाही. एकदाही! चांगला ड्रायव्हर, सगळे मान्य करायचे, पण दर वेळी काहीतरी आडवं यायचं. त्या दिवशी त्याने आणि संघाने प्रत्येक वेळी योग्य क्षणी योग्य टायर घातले. शेवटच्या फेऱ्यांत मागून हॅमिल्टन येत होता, स्वतःच्या घरच्या मैदानावर, फेरारीत. मी सोफ्यावरून उठून टीव्हीपाशी उभी. आई देव्हाऱ्यापाशी बसली होती, तीही उठून आली. तो तिसरा आला. झाउबरला 2012 नंतर पहिल्यांदा पोडियम. आईने विचारलं, “हा जिंकला का?” म्हटलं, तिसरा आला. “मग एवढी रडतेस काय?”

तिसऱ्या क्रमांकाला इतकं रडू येतं, हे चित्रपटवाल्यांना सुचायला हवं होतं. सॉनी जिंकण्याऐवजी तिसरा आला असता आणि संघ वाचला असता, तर मी त्याच्यावर जास्त विश्वास ठेवला असता.

आपल्याकडची शर्यत का बंद पडली? पुन्हा होईल का?
– बऱ्याच वाचकांनी विचारलं आहे

तीन वर्षं झाली, तिन्ही वेळा जर्मनीचा सेबास्टियन फेटेल जिंकला. उत्तर प्रदेश सरकारने शर्यतीला खेळ न मानता करमणूक मानून कर लावला, आयकराचे वाद उभे राहिले, ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 2014 च्या वेळापत्रकात भारत नव्हता, तेव्हापासून नाहीच. ट्रॅक आहे. 2023 च्या सप्टेंबरमध्ये मोटोजीपीच्या मोटारसायकली तिथे धावल्या. ज्या दिवशी फॉर्म्युला वन परत येईल त्या दिवशी माझी रजेची अर्जी साहेबांच्या टेबलावर असेल.

माझी मुलगी बारा वर्षांची. चित्रपट पाहिल्यापासून रेसिंगशिवाय दुसरं बोलत नाही. आम्ही मध्यमवर्गीय. तिला काय सांगू?
– पालक, कोल्हापूर

तुम्ही कोल्हापूरकर, म्हणजे गाड्यांचं वेड घराण्यातच असणार. उद्यमनगरातल्या कुठल्याही लेथवर उभ्या असलेल्या माणसाला कार्ब्युरेटरबद्दल विचारा, तो तासभर सोडणार नाही. सुरुवात कार्टिंगपासून होते. मुंबईचा जहान दारूवाला कार्टिंगमधूनच वर आला, 2011 च्या देशव्यापी निवडीत निवडला गेला, आणि 2020 मध्ये फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा पहिला भारतीय ठरला. खोटी आशा दाखवत नाही. त्यापुढची प्रत्येक पायरी परदेशात आहे आणि प्रायोजक नसेल तर मध्यमवर्गीय घराच्या आवाक्यातली नाही. तरीही तिला कार्टवर बसवा. सुट्टीत चार वेळा बसवा. वेळ लागतो कुठे, ब्रेक कधी, हे तिला स्वतःला कळू दे. नारायण कार्तिकेयन 2005 मध्ये फॉर्म्युला वनमध्ये पोचला तोवर भारतातून कुणी पोचेल असं कुणाला वाटत नव्हतं.

आणि ती अठरा वर्षांची झाली, की दुसरा रस्ताही आहे. मोटर स्पोर्ट्सचे क्लब स्वयंसेवक घेतात, प्रशिक्षण देतात. पैसे मिळत नाहीत. उन्हात दहा तास उभं राहायचं, डबा आपला आपण न्यायचा, बसायला मिळालं तर टायरवर. बुद्धवर पहिल्या वर्षी पहिल्याच सरावात एक कुत्रं ट्रॅकवर आलं आणि लाल झेंडा दाखवावा लागला. साऱ्या जगाने टीव्हीवर पाहिलं आणि आपल्या देशावर हसलं. पण तेव्हाच्या गाड्या 2.4 लिटरच्या व्ही-8, मिनिटाला 18,000 फेरे. पहिली गाडी माझ्यासमोरून गेली तेव्हा कानात बोळे असूनही आवाज फासळ्यांतून आत शिरला आणि दातांत थांबला. त्या आवाजाच्या इतकं जवळ कुठलंही तिकीट तुम्हाला नेत नाही.

तोवर एक करा. नाशिकला रॅली असेल तेव्हा तिला घेऊन या. मी बहुतेक वेळा पिवळा झेंडा घेऊन एखाद्या कच्च्या वळणावर असते, आणि वळणाच्या वरच्या चढावर प्रेक्षकांना उभं राहायला सुरक्षित जागा असते. तिथून गाडी दिसायच्या आधी धूळ दिसते. पायात बूट हवेत, चप्पल नको, टोपी हवी. कानात घालायचे बोळे मी जास्तीचे आणते.